कॅडमध्ये दगडी भिंतीचा पोत खरा वाटेल असा कसा भरावा

ऑटोकॅडमध्ये डबराच्या, म्हणजे ओबडधोबड दगडांच्या, भिंतीचं एलिव्हेशन (समोरून दिसणारं चित्र) काढताना बरेच जण हॅच, म्हणजे ठरावीक नक्षीने जागा भरणारी, कमांड देतात, 'ग्रॅव्हल' पॅटर्न निवडतात, स्केल थोडा वरखाली करतात आणि पुढच्या कामाला लागतात. छोट्याशा जोत्यावर ते खपून जातं. लांब भिंत भरली की मात्र तेच ते दगड ठरावीक अंतरावर पुन्हा येताना दिसतात, आणि एकदा दिसले की नजर तिथेच अडकते. शिवाय ग्रॅव्हल म्हणजे सुटी खडी. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या भिंतीत दगड एकमेकांना धरून बसवलेले असतात, फटींत चिपा, म्हणजे दगडाचे छोटे तुकडे, ठोकलेल्या असतात. ती भिंत हवी असेल तर स्वतःची टाइल, म्हणजे शेजारी-शेजारी जोडत नेता येईल असा दगडांचा एक तुकडा, एकदा नीट काढून ठेवावी. पुढे ऑटोकॅडमधली 'सुपरहॅच' कमांड ती कुठेही भरून देते.

आधी स्केल ठरवा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मानकांनुसार डबराच्या कामात दर्शनी दरज, म्हणजे दोन दगडांमधला सांधा, २० मिमीपेक्षा जाड नसावी. १:५० च्या ड्रॉइंगमध्ये ही दरज कागदावर जेमतेम ०.४ मिमी होते, तेव्हा दोन दगडांमध्ये एकच रेष पुरते. १:२० च्या डिटेलमध्ये ती १ मिमी होते. तिथे प्रत्येक दगडाची कड वेगळी दाखवावी. १:१०० ला २०० मिमीचा दगड कागदावर २ मिमीचा होतो. तिथे सगळी भिंत भरूच नका.

आता टाइल. २४०० × १५०० मिमीचा आयत काढा. याहून लहान टाइल घेतली की पुनरावृत्ती डोळ्यांवर येते. डाव्या कडेवर पॉलीलाइनने (सलग जोडलेल्या रेषेने) असे दगड काढा की ते कडेच्या थोडे आत, थोडे बाहेर असतील. हे सगळे दगड कॉपी कमांडने बरोबर २४०० मिमी उजवीकडे न्या. खालच्या कडेवरचे दगड तसेच १५०० मिमी वर न्या. कोपऱ्यावर दगड येत असेल तर तो चारही कोपऱ्यांवर हवा. मग मधली जागा भरा आणि आयताबाहेरच्या सगळ्या रेषा ट्रिम करा. डाव्या कडेला अर्धवट तुटलेला दगड शेजारच्या टाइलच्या उजव्या कडेला पुरा होतो, त्यामुळे जोड दिसत नाही.

मधली जागा भरताना मात्र घाई करू नका. भिंत खरी की खोटी, ते इथेच ठरतं. गवंडी उभी दरज वरपासून खालपर्यंत सरळ जाऊ देत नाही, सांधेमोड करतो. म्हणून एका ठिकाणी तीन दरजा भेटू द्या, चार दरजांची फुली टाळा. दगड पसरट बाजूवर बसवलेले दाखवा, उभे नकोत. मोठ्या दगडांच्या बगलेत दोन-तीन चिपा घाला. ठळक, वेगळ्या आकाराचा दगड मात्र टाइलमध्ये एकही नको, कारण पुनरावृत्तीची चुगली तोच करतो. असा दगड हवाच असेल तर भिंत भरून झाल्यावर एखाद्याच जागी हाताने बसवा.

आयत पुसा, रेषा 'झिरो' लेअरवर (थरावर) ठेवून त्यांचा ब्लॉक, म्हणजे एकसंध गट, करा. इन्सर्शन पॉइंट डावा खालचा कोपरा. एक्सप्रेस टूल्समधून सुपरहॅच सुरू करा, ब्लॉक निवडा, तो मापात ठेवा आणि टाइलची हद्द विचारली की २४०० × १५०० चेच दोन कोपरे द्या. मग भिंतीच्या आत क्लिक करा. भरलेला पोत एक्सप्लोड करू नका, म्हणजे सुट्या रेषांत फोडू नका. ब्लॉक राहिला तर फाइल हलकी राहते, आणि टाइलमधला एक दगड सुधारला की सगळीकडे सुधारतो.

सुपरहॅच उपलब्ध नसेल तर ब्लॉकचा अ‍ॅरे (ओळींत मांडलेल्या प्रती) करून एक्सक्लिप कमांडने भिंतीच्या आकारात कापा. खिडक्यांच्या जागी वाइपआउट, म्हणजे खालचं झाकणारा कोरा पट्टा, टाकून तो पोताच्या वर आणि खिडकीच्या रेषांच्या खाली ठेवा.

पोताचा लेअर वेगळाच हवा आणि त्याची रेष ०.०९ मिमीच्या आसपास बारीक. भिंतीची बाह्यरेषा त्याहून ठळक. काठोकाठ भरलेली भिंत ड्रॉइंगमध्ये जड दिसते, म्हणून 'डेफपॉइंट्स' लेअरवर, जो प्लॉट होत नाही, वेड्यावाकड्या बंद स्प्लाइन (वक्र रेषा) काढून फक्त त्यांच्या आतले कोपरे, जोतं आणि खिडक्यांच्या खालचा भाग भरा. मधे कोरी जागा राहिली तरी वाचणाऱ्याला भिंत दगडाची आहे हे कळतं, आणि मापं लिहायलाही जागा राहते.

कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीला एवढा खटाटोप लागत नाही. चिरे, म्हणजे जांभ्याचे कापलेले ठोकळे, थरांत, सारख्या मापाचे असतात. तिथे तयार 'एआर-बी८१६' पॅटर्न चालतो. 'एआर' ने सुरू होणारे पॅटर्न खऱ्या मापाचे असल्याने स्केल १ पासून सुरुवात करा आणि चिऱ्याच्या मापाला जुळेल तसा बदला. मग काही मोजक्या चिऱ्यांवरच जांभ्याची छिद्रं दाखवणारे बारीक ठिपके टाका.