वेलीगामात सर्फिंग शिकताना
मैत्रिणीसोबत सॅक पाठीला लावून श्रीलंकेत निघाला असाल, तर सर्फिंग शिकायला वेलीगामा गाठा, तेही नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. तळाशी वाळू आहे, पडलं तरी दगड लागत नाहीत. बोर्ड 8-9 फुटी, मऊ फोमचाच मागा. छोटा दिसायला झकास, पण ते नवशिक्याचं काम नाही. आणि एक कळकळीनं सांगते: पाण्यात बोर्ड कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरू नका. माझ्या मैत्रिणीच्या हनुवटीवर तो असा आदळला की दोन दिवस तिला भातसुद्धा धड चावता येईना. बोर्ड अंगाच्या बाजूला, टोक लाटेकडे. पडलात तर दोन्ही हातांनी डोकं झाकूनच वर या. घट्ट, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला, नाहीतर पोट सोलवटतं.