स्वसदृश अवकाश: या चुका टाळा

सिएर्पिन्स्की त्रिकोणाची, म्हणजे स्वतःच्याच लहान प्रतींनी बनलेल्या (स्वसदृश) आकाराची, चित्रं बघून लोक या विषयाकडे वळतात आणि लगेच लिहून मोकळे होतात: "क्ष म्हणजे क्षच्याच दोन प्रती, झालं सिद्ध." कसलं सिद्ध? समीकरण पाळलं म्हणजे क्ष कोण ते ठरत नाही. दोन प्रती न जोडता शेजारी ठेवल्या तर हे समीकरण कँटर संच (रेषाखंडाचा मधला तिसरा भाग पुन्हा पुन्हा काढून उरलेले बिंदू) पाळतो, परिमेय संख्या पाळतात आणि रिकामा संचही पाळतो. कोअल्जिब्रा म्हणजे एक क्ष आणि त्याच्याकडून त्याच्या प्रतींच्या जोडणीकडे जाणारा नकाशा (फलन); बाकी प्रत्येक कोअल्जिब्रातून ज्याच्याकडे रचना जपणारा नेमका एक नकाशा जातो, तो टर्मिनल. लॅम्बेकचं प्रमेय सांगतं की टर्मिनल कोअल्जिब्राचा नकाशा आयसोमॉर्फिझम, म्हणजे उलटवता येणारा, असतो. त्याचा व्यत्यास खरा नाही, तरी दर वर्षी कुणीतरी तो वापरतोच.

माझा खरा राग मात्र गाळलेल्या अटींवर आहे. १९९९ मध्ये पीटर फ्राइड यांनी दाखवलं की दोन वेगळे खुणेचे बिंदू असलेले संच घ्या, पहिल्या प्रतीचं उजवं टोक दुसरीच्या डाव्या टोकाला चिकटवा, की टर्मिनल कोअल्जिब्रा म्हणून शून्य ते एक हा अंतराल मिळतो. कुठलाही बिंदू घ्या, तो डाव्या प्रतीत गेला तर ० लिहा, उजवीत गेला तर १, आणि पुन्हा तेच. द्विमान विस्तार तयार! सांध्यावर पडला तर ०.०१११… आणि ०.१००० हे दोन्ही अर्धाच देतात, म्हणून अडत नाही.

एका चर्चासत्रात एका हुशार मुलाने हे फळाभर मांडलं, पण 'वेगळे' ही अट "किरकोळ" म्हणून सोडून दिली. मी विचारलं, "दोन्ही खुणा एकाच बिंदूवर असतील तर?" एकच बिंदू, त्याच्या दोन प्रती चिकटवल्या तरी एकच बिंदू, आणि प्रत्येक संचातून त्याच्याकडे नेमका एक नकाशा. टर्मिनल तोच ठरला, अंतराल गायब. उरलेला तास फळा पुसण्यात गेला. नवा फंक्टर (एका वस्तूपासून दुसरी बनवण्याचा नियम, जसं इथलं प्रती चिकटवणं) दिसला की मी आधी रिकामा संच आणि एकटा बिंदू घालून बघतो. घाई असलेल्यांना ते बालिश वाटतं, वाटू दे.

टॉपॉलॉजीत, जिथे कोणते संच 'विवृत' यावरून बिंदूंची जवळीक ठरते, खुणेचे बिंदू संवृतही हवेत, म्हणजे त्यांना वगळून उरलेला भाग विवृत हवा. ते विसरलात तर अंतराल मिळेल, पण त्यावर फक्त दोनच विवृत संच असतील, रिकामा आणि अख्खा अंतराल.

आणि स्वसदृश म्हणजे खडबडीतच, हेही डोक्यातून काढा. टॉम लिन्स्टर यांच्या सिद्धांतात अनंत समीकरणांची संहती चालते, आणि तिथे प्रत्येक संहत मेट्रिकक्षम अवकाश (ज्यात अंतर ठरवता येतं आणि बिंदूंची प्रत्येक अनंत रांग आतल्याच एखाद्या बिंदूजवळ पुन्हा पुन्हा येते) किमान एका प्रकारे स्वसदृश ठरतो. गुळगुळीत गोलसुद्धा.