प्रो-लाइफ, म्हणजे गर्भपाताविरोधी, कामात नवीन येताय? मग माझ्या चुका आधी वाचा

2014 ला आमच्या वसईच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, कुटुंबांसाठी काम करणाऱ्या फॅमिली सेलला मी नाव दिलं तेव्हा प्रो-लाइफ म्हणजे बॅनर धरून चालायचं आणि शेवटी रोझरी म्हणायची एवढंच डोक्यात होतं, कारण यूट्यूबवर वॉशिंग्टनचा मार्च फॉर लाइफ बघितलेला, 1974 पासून दर जानेवारीत कडाक्याच्या थंडीत निघतो तो. इथे आल्यावर पहिलं काम मिळालं मॅरेज प्रेप कोर्सच्या खुर्च्या लावायचं. दुसरं काम भाषण द्यायचं, आणि तिथेच माती खाल्ली.

झालं असं की सेलकडे बारा आठवड्यांच्या गर्भाचं एक प्लास्टिकचं मॉडेल आहे, बोटाएवढं. मी ते उत्साहाने जोडप्यांमधून हातोहात फिरवलं. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने ते घेतलं, जरा वेळ बघितलं, बाकावर ठेवलं आणि पर्स उचलून बाहेर गेली. मला वाटलं कंटाळली. सिस्टर तिच्या मागे गेल्या, दोघी वॉटर कूलरपाशी कितीतरी वेळ उभ्या होत्या. नंतर सिस्टर मला एवढंच म्हणाल्या, "बाळा, पुढच्या वेळी मॉडेल फिरवू नकोस." कारण काय ते त्यांनी सांगितलं नाही, आजपर्यंत नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे, समोरच्या खोलीत कोणीतरी गर्भपातातून गेलेलं आहेच असं धरून बोलायचं. अमेरिकेत 1984 मध्ये मिलवॉकीत विकी थॉर्न नावाच्या बाईंनी गर्भपातानंतरच्या दुःखासाठी प्रोजेक्ट रेचल सुरू केला, माझ्या मते पूर्ण चळवळीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम ते. आणि नवीन लोकांनी हेही लक्षात ठेवा की 2016 च्या नोव्हेंबरपासून पोप फ्रान्सिसने गर्भपाताच्या पापाची क्षमा द्यायचा अधिकार सगळ्याच धर्मगुरूंना कायमचा दिलाय, बिशपच्या परवानगीची भानगड नाही. कितीतरी बायकांना हे माहीत नसतं, वर्षानुवर्षं कुमसारला, म्हणजे पापांची कबुली द्यायलाच, जात नाहीत.

दुसरी गोष्ट, कायदा पाठ करा. मी एका बाईला छातीठोकपणे सांगितलं होतं की नवऱ्याच्या सहीशिवाय गर्भपात होतच नाही. तिला एका नर्सने खरं काय ते सांगितलं, सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, आणि त्यानंतर तिने माझा फोन कधी उचलला नाही, बरोबरच केलं. तर 1971 चा एमटीपी, म्हणजे गर्भपाताचा, कायदा, त्यात 2021 ची दुरुस्ती, म्हणजे वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीसमध्ये ठरावीक परिस्थितीतल्या बायकांसाठी दोघांचं, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही मेडिकल बोर्ड. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित मुलींनाही त्या वीस-चोवीसमध्ये धरलं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो, तिथे आपलं डोकं चालवायचं नाही, लगेच जाणकाराला गाठायचं.

यावरून कळेलच की कायद्याच्या बाजूने आपली भारतात प्रगती शून्य आहे, उलट पाऊल मागेच. 10 ऑगस्ट 2022 ला दिल्लीत देशातला पहिला मार्च फॉर लाइफ निघाला, एमटीपी कायदा झाला त्याच तारखेला, पुढच्या वर्षी त्रिशूरला. चांगलं झालं, पण चालून आल्यावर पुढे काय ते कोणी विचारत नाही. अमेरिकेकडे बघा, रो विरुद्ध वेड, म्हणजे गर्भपाताचा हक्क देणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल, फिरवायला 1973 ते 2022, एकोणपन्नास वर्षं खपले आणि कोर्टात जिंकले, तर दोन महिन्यांच्या आत कॅन्ससमध्ये लोकांच्या मतदानात हरले, मग 2023 ला ओहायोत. आयर्लंडने तर 2018 ला 66.4 टक्के मतांनी आपली घटनेतली गर्भपातबंदीची तरतूदच काढून टाकली.

आयर्लंड निघालं की सविता हलप्पनवार निघणारच. मूळची बेळगावची ती, गर्भपात नाकारल्यावर 2012 मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेच्या हॉस्पिटलात वारली. कॉलेजच्या मुलांसमोर हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो, आणि "ती मेडिकल चूक होती" म्हणून झटकलंत तर संपलात. चूक होतीच, इन्फेक्शन वेळेत ओळखलं नाही हे चौकशीत निघालं, पण तो कायदा आणि त्याची भीतीही तिथे खोलीत होती हेही त्याच चौकशीत आहे. मी दोन्ही सांगते. मग हेही सांगते की आई मेली तरी चालेल अशी चर्चची शिकवण नाही, आजारी गर्भाशय काढावं लागलं किंवा नळीतली गर्भधारणा असली तर आईवर उपचार करता येतात, त्यात बाळ वाचत नाही हे माहीत असूनही.

आणि एक कबूल करायला आपल्या लोकांना जड जातं. पोटातल्या मुलींसाठी महाराष्ट्रात 1988 ला गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आला तो मुख्यतः स्त्रीवादी संघटनांच्या रेट्याने, ज्या गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या. त्यांच्याबरोबर बसायला शिका, मला तरी त्यांच्याकडून खूप मिळालं.

आता खरं काम. माझ्याकडे आलेल्या बहुतेक बायका कुमारी वगैरे नव्हत्या, लग्न झालेल्या, पदरात दोन पोरं, नालासोपाऱ्यात भाड्याची खोली, नवऱ्याचं काम सुटलेलं. त्यांना तत्त्वज्ञान नको असतं, तीन महिन्यांचं भाडं, सोनोग्राफीचे पैसे आणि सासूशी बोलणारं कोणीतरी हवं असतं. हे देता येत नसेल तर उपदेशही करू नका. सेंट व्हिन्सेंट डी पॉल या गरिबांना मदत करणाऱ्या चर्चच्या संस्थेवाल्यांशी ओळख ठेवा, रेशन त्यांच्याकडून येतं.

दत्तकाबाबत तर कानाला खडा लावा. एक बाई बाळ ठेवणार नाही म्हणत होती आणि आमच्याच पॅरिशचं एक जोडपं बारा वर्षं वाट बघत होतं, मी मनातल्या मनात पाळणासुद्धा हलवला, आणि त्यांना तसं बोलूनही गेले. सेलमधल्या एका वकील अंकलनी थांबवलं. बाळ असं परस्पर द्यायला गेलं तर गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही. मदर तेरेसांच्या सिस्टर्सकडे देऊ म्हणाल तर त्यांनी 2015 लाच दत्तक द्यायचं काम बंद केलंय. रस्ता एकच, बालकल्याण समितीसमोर आईने सरेंडर लिहून द्यायचं, मग तिला विचार बदलायला दोन महिने, त्यानंतर बाळ कारा या सरकारी दत्तक संस्थेच्या यादीतून ज्याचा नंबर असेल त्याला.

मी तिच्याबरोबर समितीच्या ऑफिसला गेले होते, बाकावर पाच तास, केळी आणि पाण्याची बाटली घेऊन. सही करताना तिचा हात थरथरला नाही, माझाच थरथरत होता. सहाव्या आठवड्यात तिचा फोन आला, "ताई, परत घेता येईल ना अजून?" आली, बाळ घेतलं आणि गावाला गेली.

त्या जोडप्याला मलाच सांगायला लागलं. ते बाळ तसंही त्यांच्याकडे आलं नसतं हे त्यांना कळतं. काराकडे त्यांचं नाव आहे, रविवारी मिस्सा सुटल्यावर भेटतात, बोलतात, पण पूर्वी जेवायला बोलवायचे तसं नाही.