लोन चार्ज मिटवताना या चुका टाळा

ब्रिटनमध्ये दहा-पंधरा वर्षांपूर्वी कॉन्ट्रॅक्टवर काम केलेल्या कुणालाही विचारा, 'ऐंशी-पंच्याऐंशी टक्के हातात' ही जाहिरात त्याला आठवेल. अम्ब्रेला कंपनी, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला कागदोपत्री नोकरीवर ठेवून त्याचा पगार करणारी मधली कंपनी, पेस्लिपवर किमान वेतनाच्या आसपासचा पगार दाखवायची, त्यावर रीतसर कर कापायची आणि उरलेली कमाई 'कर्ज' म्हणून खात्यात जमा करायची. कर्ज देणारी ट्रस्ट बहुधा परदेशी, आणि फेडण्याची भाषा कुणीच करत नसे. मध्यस्थ मात्र आपली फी आधीच कापून घ्यायचा. 2016 च्या बजेटमध्ये सरकारने लोन चार्ज जाहीर केला: 5 एप्रिल 2019 ला जी कर्जं फिटलेली नसतील, ती त्या वर्षाचं उत्पन्न धरून कर लावायचा. एचएमआरसीच्याच, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याच्याच अंदाजाने सुमारे 50,000 माणसं यात सापडली.

पगाराऐवजी कर्ज देणाऱ्या अशा योजनेत शिरलो ही चूक झाली ती झाली. ओळखीतल्या काही जणांची कागदपत्रं लावायला बसलो तेव्हा दिसलं की बरेच पैसे नंतरच्या गोंधळात जातात.

सगळं मिळून एकच देणं आहे असं समजणं

ही सगळ्यात महाग चूक. इथे देणी तीन आहेत. पहिलं, ज्या वर्षी कमाई झाली त्या मूळ वर्षाचा कर. एचएमआरसीने त्या वर्षाची चौकशी वेळेत उघडली असेल तर हे देणं अजून जिवंत आहे. दुसरं, लोन चार्ज. तिसरं म्हणजे ते कागदावरचं कर्ज!

लोन चार्ज भरला म्हणून मूळ वर्षाची चौकशी आपोआप बंद होत नाही. भरलेली रक्कम वळती होते, पण फाइल उघडी राहू शकते. एचएमआरसीशी होणाऱ्या सेटलमेंटच्या, म्हणजे तडजोडीच्या करारावर सही करण्याआधी त्यात कोणकोणती वर्षं लिहिली आहेत ते बोट ठेवून वाचा. एखादं वर्ष सुटलं असेल तर तेव्हाच विचारा. आणि यातलं काहीही भरलं तरी कर्ज माफ होत नाही. जुनी कर्जं भलत्याच कंपन्यांच्या हाती गेली आणि त्यांनी कॉन्ट्रॅक्टरांना वसुलीची पत्रं पाठवली, असं घडलेलं आहे. एचएमआरसी त्या भांडणात पडत नाही. असं पत्र आलं तर घाबरून पैसे पाठवू नका, 'हो, देणं आहे' असं लिहूनही देऊ नका. आधी सॉलिसिटरला, म्हणजे वकिलाला दाखवा.

हिशेब न तपासता आकडा मान्य करणं

समजा 2011-12 पासून चार वर्षं दरवर्षी 12,000 पौंड पगार आणि 28,000 पौंड कर्ज मिळालं. त्या-त्या वर्षी कर लागला असता तर तो 20 टक्क्यांनी, म्हणजे चार वर्षांचा 22,400 पौंड. आता ती 1,12,000 पौंडांची कर्जं एकदम 2018-19 मध्ये आणा आणि त्या वर्षीचं नेहमीचं उत्पन्न 40,000 धरा. करमुक्त मर्यादा पूर्ण जाते, बरीचशी रक्कम 40 टक्क्यांत सापडते, शेवटचा तुकडा 45 टक्क्यांत. वाढीव कर होतो सुमारे 48,400 पौंड. तीच कमाई, दुपटीहून जास्त कर. हीच रक्कम 2018-19 पासूनच्या तीन वर्षांत विभागून दाखवण्याची सोय नंतर मिळाली. तसं केलं तर याच उदाहरणात, उत्पन्न तेवढंच धरून, आकडा 39,500 च्या आसपास येतो. ती निवड कळवायची मुदत 30 सप्टेंबर 2020 होती. आपण ती केली होती की नाही, हे आज कित्येकांना आठवत नाही.

त्याआधीचा प्रश्न: तुमचं वर्ष यात येतं तरी का? लोन चार्जचा फेरविचार करायला सरकारने नेमलेल्या सर अमायस मोर्स यांच्या डिसेंबर 2019 च्या अहवालानंतर 9 डिसेंबर 2010 पूर्वीची कर्जं लोन चार्जमधून वगळली गेली. त्यानंतरची, पण 6 एप्रिल 2016 पूर्वीची कर्जंही सुटतात, जर तुम्ही रिटर्नमध्ये योजनेची पुरेशी माहिती दिली होती आणि तरी एचएमआरसीने काही केलं नव्हतं. म्हणून जुनी रिटर्न शोधा. मात्र रिटर्नवरचा योजनेचा नंबर म्हणजे सरकारी मंजुरी नव्हे. एचएमआरसी कुठल्याच योजनेला मंजुरी देत नाही.

26 नोव्हेंबर 2025 ला रे मॅककॅन यांनी सरकारसाठी केलेल्या नव्या फेरआढाव्याचा अहवाल आला आणि सरकारने त्यातल्या बहुतेक शिफारशी मानल्या. ज्यांचा लोन चार्ज अजून मिटलेला नाही त्यांच्यासाठी नवी तडजोड जाहीर झाली: मूळ वर्षांच्या दराने हिशेब, मध्यस्थाच्या फीपोटी वजावट, उशिराचं व्याज नाही आणि वर 5,000 पौंडांची सूट. तेव्हा हातात एचएमआरसीने 2019 मध्ये किंवा 2022 मध्ये कळवलेला आकडा असेल, तर त्यावर सही करण्याआधी नव्या अटींचा हिशेब मागा. ज्यांनी आधीच प्रामाणिकपणे भरून टाकलं त्यांना यातून काही नाही. हे मला मुळीच न्याय्य वाटत नाही, पण आहे ते असं.

कागद नाहीत म्हणून गप्प बसणं

अम्ब्रेला कंपनी बंद पडली तरी बँकेकडे जुनी स्टेटमेंट मागता येतात आणि एचएमआरसीकडे तुमच्या नावावर असलेली माहितीही मागता येते. कर्ज आणि पगार एकाच दिवशी, वेगवेगळ्या रकमांनी जमा झालेले दिसले की वर्षवार तक्ता निम्मा तयार होतो.

सुटकेची दुसरी योजना

'कर्ज कागदोपत्री फेडून देतो, लोन चार्ज लागणारच नाही' असं सांगणारे बरेचदा पहिली योजना विकणाऱ्यांच्याच गोतावळ्यातले असतात. एचएमआरसीने याबद्दल स्वतंत्र इशारे दिले आहेत. फी जाते आणि नवी चौकशी मागे लागते.

न झेपणारा हप्ता कबूल करणं

लवकर सुटका व्हावी म्हणून माणूस दोन वर्षांचा हप्ता मान्य करतो आणि सातव्या महिन्यात चुकतो. मोर्स यांच्यानंतर ठरलेल्या अटींनुसार उत्पन्न 50,000 पौंडांहून कमी आणि विकण्याजोगी मालमत्ता नसेल तर किमान पाच वर्षं, 30,000 हून कमी असेल तर किमान सात वर्षं फेडीसाठी मागता येत होती. भाडं, शाळा, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे, सगळं खर्चाच्या तक्त्यात मांडा. लाज कसली? उत्पन्न कमी असेल तर टॅक्सएड ही धर्मादाय संस्था फुकट सल्ला देते.

परत गेलो म्हणजे सुटलो

पुण्याला परतलेल्या एकाची पत्रं तीन वर्षं लंडनमधल्या हाउन्स्लोच्या जुन्या फ्लॅटवर जात होती. अपिलाची मुदत केव्हाच उलटून गेली. पत्ता बदलल्याचं कळवा. भारत आणि ब्रिटनमध्ये कर वसुलीत एकमेकांना मदत करण्याची तरतूद आहे, त्यामुळे विमानात बसल्याने देणं संपत नाही.

त्याच्या बायकोला हे सगळं कळलं ते कपाटातल्या एचएमआरसीच्या न फोडलेल्या खाकी पाकिटांवरून. लोन चार्जशी जोडल्या गेलेल्या दहा आत्महत्यांची प्रकरणं स्वतः एचएमआरसीने स्वतंत्र चौकशीसाठी पाठवली आहेत. पाकिटं घरात कुणासमोर तरी फोडा. ताण असह्य झाला असेल तर तसं एचएमआरसीला फोनवर स्पष्ट सांगा, तिथे जादा मदतीसाठी वेगळी टीम आहे. आणि ब्रिटनमधून रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर समॅरिटन्स या मानसिक आधार देणाऱ्या संस्थेचा 116 123 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास.