उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी करताय? या चुका टाळा

"ऊन लई आहे साहेब, दोन-तीन कमीच मारतो." मे महिन्यात हवा भरायला गेलं की हे ठरलेलं. मीही कित्येक वर्षं मान डोलवायचो. सल्ला प्रेमाचा, पण नेमका उलटा.

हवा कमी असली की टायर जास्त दबतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू वाकते, सरळ होते, परत वाकते आणि त्यातूनच टायर तापतो. समृद्धीवर भर दुपारी ताशी १२० ने तास-दोन तास न थांबता गाडी हाणली, तर फुटायची भीती या टायरलाच जास्त.

दुसरी चूक म्हणजे तापलेल्या टायरची हवा सोडणं. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना मोजायचा. माझ्या गाडीला ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागते. नागपूरला जाताना वाटेत मोजली तर ३७! हवा भरणाऱ्या पोराने लगेच चार कमी केली, मीही खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या गेजवर काटा २९ वर. वाढलेले चार उष्णतेचे होते, थंड झाल्यावर ते आपोआप उतरलेच असते. तापलेला टायर ३३ दाखवत असेल तर उलट समजा, हवा कमी आहे.

आकडा शेजाऱ्याला विचारू नका. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर असतं. काही गाड्यांना पेट्रोलच्या झाकणाआड. त्यात भरलेल्या गाडीचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो. लग्नाला सहकुटुंब, डिकी भरून निघालात तर तो पाहा. टायरवर छापलेला आकडा मात्र कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते.

एकाच चाकाची हवा दर आठवड्याला उतरते? व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर व्हॉल्व्हची पिन बदला, किरकोळ काम आहे. नाही आला तर टायरमध्ये खिळा असेल, किंवा रिमच्या कडेने हवा जात असेल.

टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरायचा म्हणून अडून बसू नका. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

आणि स्टेपनी? माझी दोन वर्षांनी मोजली तेव्हा १४ निघाली. बारीक चाकाची स्टेपनी असेल तर तिला बहुतेक वेळा ६० पीएसआय लागते, तिच्यावरच लिहिलेलं असतं.