आज्जीच्या ओव्यांतली शंभराची रेघ

अंबाजोगाईकडच्या आमच्या गावी आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर घेतल्या. बोर्स्मा आणि वेनिंक यांनी बनवलेल्या ‘प्रात’ (Praat) या आवाज तपासायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडली, तर आज्जी दम घ्यायला थांबली तरी पिचची (सुराच्या उंचीची) निळी रेघ १०० हर्ट्झवर सपाट चालूच! ती कूलरची घरघर. आपली वीज ५० हर्ट्झची, मोटारीचा आवाज दुपटीवर उमटतो. फिल्टरने १२० च्या खालचं सगळं कापलं, ‘प्रात’ने पिच शोधायची खालची मर्यादा १५० केली (आज्जीचा सूर त्याच्या वरच राहतो). रेघ गेली.

शब्द उतरवून घ्यायला वेग कमी करायचा असेल तर ‘प्रात’मधलीच ओव्हरलॅप-ॲड ही सोय वापरा. आवाजाचे एकेका कंपनाच्या मापाने तुकडे करून त्यातले काही दोनदा जोडले जातात. ओवी लांबते, गळा तोच राहतो. नुसती फाईल मंद चालवली तर आज्जीचा पार आजोबा होतो.