तुकड्यांतले जंगल मोजताना

उष्णकटिबंधीय जंगले आणि हवामान हा विषय प्रबंधासाठी घेणाऱ्यांनी उपग्रहाच्या नकाशावरचे हिरवे हेक्टर मोजण्याआधी त्या जंगलाची कड मोजायला शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. 100 हेक्टरांचा चौरस तुकडा घेतला, तर त्यातले 36 हेक्टर कडेपासून 100 मीटरांच्या आत येतात. 4 हेक्टरांच्या तुकड्यात तर कडेवाचून दुसरे काही उरतच नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार उरलेल्या उष्णकटिबंधीय जंगलांचे 19 टक्के क्षेत्र याच पट्ट्यात मोडते.

या आकड्यांचा अर्थ मला तमिळनाडूतील वालपराईच्या पठारावर उमगला. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी सदाहरित जंगल तोडले गेले आणि मळ्यांमध्ये त्याचे तुकडे उरले. मळ्यातून तुकड्यात शिरले की आधी लागते ती घाणेरीची जाळी, मग मॅकरंगासारखी झटपट वाढणारी, हलक्या लाकडाची झाडे आणि शेंड्यापर्यंत चढलेल्या वेली. नागकेशरासारखे जड लाकडाचे मोठे वृक्ष भेटायला बरेच आत जावे लागते. कडेला ऊन आणि कोरडा वारा थेट पोचतो, त्याचा फटका आधी मोठ्या झाडांना बसतो, आणि त्यांच्यात शतकभर साठलेला कार्बन ती कुजताना हवेत परततो. त्यांच्या जागी आलेली झाडे तेवढा कार्बन साठवू शकत नाहीत. ब्राझीलमधील मनाऊसजवळ 1979 मध्ये जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या प्रकल्पात 1, 10 आणि 100 हेक्टरांच्या तुकड्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवल्यामुळेच ही घट आकड्यांत मांडता आली. कुऱ्हाड न लागलेले झाडही असे हिशेबात यावे लागते, हे नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

प्रत्यक्ष कामात कडेपासून आत जाणारी सरळ रेषा आखून ठरावीक अंतरांवर चौकटी, म्हणजे झाडे मोजण्यासाठी आखलेले जमिनीचे तुकडे, घ्याव्यात. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा असला, तरी बुंध्याला फळीसारखी आधारमुळे असतील, तर टेप त्यांच्या वर धरावी. उंची मात्र प्रत्यक्षच मोजावी. पश्चिम घाटातील तुकड्यांत सारख्याच घेराची झाडे सलग जंगलातल्या झाडांपेक्षा बुटकी आढळली आहेत, त्यामुळे घेरावरून कार्बन काढण्याचे, सलग जंगलावरून बसवलेले सूत्र इथे वापरले की कार्बन फुगवून दाखवला जातो. मेलेली उभी झाडे आणि पडलेले ओंडकेही नोंदवावेत. तापमान व आर्द्रतेच्या नोंदी कोरड्या महिन्यांत जरूर घ्याव्यात, कारण भर पावसात कड आणि गाभा यांतला फरक पुसट होतो.

संगणकावरील विश्लेषण नंतरही शिकता येते. झाडे ओळखण्याला मात्र पर्याय नाही आणि त्यासाठी स्थानिक जाणकारांइतका चांगला शिक्षक मिळत नाही. त्यांच्या कामाचा मोबदला अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत धरावा. वनविभागाच्या परवानगीसाठी अर्ज लवकर करावा आणि ती येईपर्यंत कोकणातल्या एखाद्या देवराईत, गावकऱ्यांची संमती घेऊन, टेप धरण्याचा सराव करावा.